बिल्ड घरी करा, टेबलावर खेळा

पत्र थोडक्यात असं: जळगावात पाच खेळाडू आणि मी डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि शत्रूंच्या बाजूने खेळणारा), असे आम्ही दर रविवारी संध्याकाळी साडेपाच ते नऊ खेळतो. खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, ज्यात प्रत्येकजण एक पात्र घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेतो; पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, १६०० सालच्या खानदेशात ठेवली आहे: थाळनेर, बुऱ्हाणपूर, वेढ्यात अडकलेला असीरगड. सगळी पात्रं पाचव्या लेव्हलला, म्हणजे ताकदीच्या पाचव्या पायरीवर आहेत. एकाने फायटर (लढवय्या) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घेऊन तिरंदाज असा बांधलाय की लढाईत बाकीचे नुसते बघत बसतात. दुसऱ्याने आठवडाभर अभ्यास करून पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) २, वॉरलॉक (एका शक्तीशी करार केलेला जादूगार) ३ असं मल्टिक्लास केलं, म्हणजे दोन क्लासच्या लेव्हल मिसळल्या, आणि आता त्याचंच पात्र मागे पडतंय. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) घेतलेली मैत्रीण अगदी नवी आहे. तिने लांडगे बोलावले की लढाई खोळंबते. रोग (इंग्रजी rogue, चोरपावलांनी काम करणारा) आणि क्लेरिक (दैवी जादूने जखमी बरे करणारा) खेळणाऱ्या दोघांना नियमांचा कंटाळा आलाय, त्यांना गोष्ट हवी आहे. एका लढाईत दोन तास जातात आणि नऊनंतर भुसावळ, अमळनेरच्या पोरांना गाडी गाठायची असते. सोपी सिस्टिम घ्यावी का? घेतली तर पहिले दोघे सोडून जातील अशी भीती वाटते. आणि कॅरेक्टर बनवताना किती मोकळीक द्यायची?

नमस्कार,

सिस्टिम आत्ताच बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या पाचही अडचणी पाचव्या आवृत्तीतच सुटण्यासारख्या आहेत. त्या न सोडवता नवीन पुस्तक आणलंत तर दोन महिन्यांनी याच अडचणी नव्या नावांनी समोर येतील.

‘किचकट’ या एका शब्दात तुमच्या टेबलावर दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक, पात्र बनवतानाची गुंतागुंत. ती एकदाच, घरी, निवांतपणे पार पडते आणि ज्याला आवडते त्याला तिचा आनंदच असतो. दुसरी, खेळतानाची. ती दर पाळीला येते आणि बाकी चौघांचा वेळ खाते. या दोन्ही एकमेकींना बांधलेल्या नसतात. वॉरलॉक बनवताना डोकं खाजवावं लागतं: पेट्रन (शक्ती देणारा), पॅक्ट (त्याच्याशी करार), इन्व्होकेशन (त्यातून मिळणाऱ्या खास करामती), त्यांच्या अटी. पण पाचव्या लेव्हलला खेळताना त्याच्याकडे फक्त दोन स्पेल स्लॉट असतात, म्हणजे मोठे मंत्र दोनदाच वापरता येतात, आणि बहुतेक पाळ्यांना तो एल्ड्रिच ब्लास्ट या साध्या मंत्राचे दोन झोत सोडून मोकळा होतो. ड्रुइडचं उलटं आहे. पात्र दहा मिनिटांत तयार होतं, पण विज्डम (पात्राचा शहाणपणाचा आकडा) १८ असेल तर रोज सकाळी अख्ख्या यादीतून नऊ स्पेल निवडायचे, शिवाय तीन कॅन्ट्रिप (हवे तितक्या वेळा चालणारे छोटे मंत्र), वाइल्ड शेपसाठी, म्हणजे प्राण्याचं रूप घेण्यासाठी, प्राण्यांचे आकडे आणि बोलावलेल्या जनावरांचे आकडे वेगळेच. तुमच्या सगळ्यात नव्या खेळाडूच्या हातात टेबलावरचा सगळ्यात जड क्लास आहे. त्यात तिचा काहीच दोष नाही. ‘प्राणी आवडतात ना, मग ड्रुइड घे,’ असं कुणीतरी प्रेमानेच सुचवलं असणार.

आधी मोजून बघा. येत्या रविवारी एका लढाईपुरता मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि प्रत्येक पाळीसमोर चारपैकी एक खूण करा: विचारात वेळ गेला, नियम शोधण्यात गेला, बेरजेत गेला, की डीएमच्या शत्रूंमध्ये गेला. या चारांवर तीन वेगळे उपाय आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. पाच खेळाडूंना प्रत्येकी तीन मिनिटं आणि सहा शत्रूंना प्रत्येकी एक मिनिट धरलं तर एक फेरी २१ मिनिटांची होते. पाच फेऱ्यांत पावणेदोन तास संपले. खेळाडू एका मिनिटावर आले आणि सगळे शत्रू मिळून तीन मिनिटांत उरकले, तर फेरी आठ मिनिटांवर येते आणि तीच लढाई ४० मिनिटांत होते. यासाठी कुणाच्याही बिल्डमधली, म्हणजे पात्राच्या बांधणीतली, एक ओळसुद्धा काढावी लागत नाही.

विचारात आणि बेरजेत जाणाऱ्या वेळेवर कार्ड हा उपाय आहे. प्रत्येक खेळाडूसाठी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या. त्यावर ‘माझी नेहमीची पाळी’ म्हणून फक्त तीन गोष्टी, मराठीत, बेरीज आधीच करून लिहा. तुमच्या रोगचं डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ असेल तर पहिली ओळ अशी: ‘छोटं धनुष्य: डी-२० अधिक ७. लागला तर १डी६ अधिक ४. साथीदार शत्रूच्या ५ फुटांत असेल, किंवा मला अ‍ॅडव्हान्टेज असेल, तर आणखी ३डी६.’ (डी-२० म्हणजे वीस बाजूंचा फासा, १डी६ म्हणजे सहा बाजूंचा एक फासा, अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन डी-२० टाकून मोठा आकडा घेणं.) कॅरेक्टर शीटवर प्रोफिशियन्सी (सरावाची भर) एकीकडे, अ‍ॅबिलिटीचा आकडा दुसरीकडे आणि स्नीक अटॅक (ते जादा ३डी६) मागच्या पानावर असला की माणूस दर वेळी तिन्ही शोधतो. बाकीचं सगळं शीटवर राहू द्या, पाळीच्या वेळी कार्डच बघायचं. आणि एकाची पाळी सुरू झाली की डीएमने पुढच्याचं नाव घ्यायचं: ‘आता तू, नंतर क्लेरिक.’ नाव कानावर पडलं की माणूस आधीच ठरवायला लागतो.

नियम शोधण्यावर एक मिनिटाची मर्यादा ठेवा. मिनिटात सापडला नाही तर डीएमने निवाडा द्यायचा, वहीत लिहून ठेवायचा आणि घरी जाऊन तपासायचा. पुढच्या वेळी बरोबर नियम लागू, पण मागचा निकाल फिरवायचा नाही. तुमचा तिरंदाज पुस्तकात पक्का असणार, त्याच्याकडेच ही वही द्या.

शत्रूंसाठी पुस्तकातच सोय आहे आणि ती बरेच डीएम वापरत नाहीत. एकाच जातीच्या शत्रूंचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) एकच टाकायचा आणि त्यांची पाळी एकत्र खेळायची. डॅमेजसाठी (वाराने होणाऱ्या इजेसाठी) फासे टाकायची गरज नाही. प्रत्येक स्टॅट ब्लॉकमध्ये (शत्रूच्या आकड्यांच्या चौकटीत) सरासरी आकडा छापलेला असतो, तोच घ्यायचा.

आता ड्रुइड. कॉन्ज्युर अ‍ॅनिमल्स या तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलमध्ये चार पर्याय आहेत: चॅलेंज रेटिंग (प्राणी लढायला किती अवघड ते सांगणारा आकडा) २चा एक प्राणी, १चे दोन, अर्ध्याचे चार, पावचे आठ. तिने पावचे आठ लांडगे घेतले की काय होतं बघा. लांडग्यांना पॅक टॅक्टिक्स असतं, म्हणजे शत्रूजवळ दुसरा लांडगा उभा असला की प्रत्येक चाव्याला अ‍ॅडव्हान्टेज. एका फेरीत डी-२० सोळा वेळा पडणार, लागलेल्या प्रत्येक चाव्याचं डॅमेज वेगळं, वर पाडण्याचा सेव्ह (शत्रूने वाचण्यासाठी टाकायचा फासा) वेगळा. हे एका नव्या खेळाडूने एका मिनिटात कसं करायचं? तुमच्या टेबलापुरता नियम करा: या स्पेलने जास्तीत जास्त दोन प्राणी येतात. दोन डायर वुल्फ (थोराड लांडगे) घ्या, चॅलेंज रेटिंग १, प्रत्येकी एकच हल्ला. त्यांचं कार्ड आधी तयार ठेवा आणि डॅमेज सरासरीने घ्या. वाइल्ड शेपसाठीही दोनच रूपं छापून द्या, लांडगा आणि काळं अस्वल. तिच्या लेव्हलला दोन्ही नियमात बसतात आणि सातपुड्यात शोभतातही. स्पेलची यादी चार सेशन बदलायची नाही, असं तिच्याशी बोलून ठरवा. मग एकदा तिला सरळ विचारा, की ड्रुइडच हवा आहे का? जनावराची सोबत हवी असेल तर ती गोष्टीतूनही मिळते: एक पाळलेला लांडगा, जो लढत नाही, पण वास काढतो आणि धोका आला की गुरगुरतो. त्याला एकही आकडा लागत नाही.

तिरंदाजाचं गणित मांडू, कारण ‘फार भारी आहे’ म्हणून भांडणं होतात आणि आकडे कुणी बघत नाही. पत्रात लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून हा व्हेरिअंट ह्यूमन (माणसाचा एक प्रकार), आर्चरी स्टाइल (बाणाच्या नेमाला अधिक २) आणि शार्पशूटर फीट (फीट म्हणजे पात्रासाठी निवडलेली खास करामत) असा प्रकार दिसतो. डेक्स्टेरिटी १८ धरली तर हल्ल्याला अधिक ९. शार्पशूटर वापरला की हल्ल्यात ५ वजा आणि डॅमेजमध्ये १० अधिक. समोर एसी (हल्ला लागण्यासाठी गाठायचा आकडा) १५ असेल तर अधिक ४ने फाशावर ११ लागतात, म्हणजे निम्मे बाण लागतात. एका बाणाचं सरासरी डॅमेज साडेअठरा, पाचव्या लेव्हलला बाण दोन, म्हणून फेरीला सरासरी साडेअठरा. वर सांगितलेला रोग त्याच शत्रूवर १०० पैकी ६५ वेळा लागतो आणि सरासरी १८ डॅमेज करतो, म्हणजे फेरीला साधारण पावणेबारा. फरक दीडपटीहून थोडा जास्त आहे. पण तिरंदाजाला अ‍ॅडव्हान्टेज मिळाला की त्याचे १०० पैकी ७५ बाण लागतात आणि आकडा पावणेअठ्ठावीसवर जातो. बाकीचे नुसते बघत बसतात ते इथे.

यावर फीट काढून घेऊ नका. पुस्तकात छापलेली गोष्ट त्याने प्रामाणिकपणे घेतली आहे; ती हिसकावलीत तर तुमच्या टेबलावरचा सगळ्यात मन लावून तयारी करणारा माणूस दुखावेल. उपाय लढाईच्या रचनेत आहे. उघड्या मैदानात दूरवर रांगेत उभे असलेले शत्रू मारायचे, एवढंच उद्दिष्ट असेल तर तिरंदाज जिंकणारच. उद्दिष्ट बदला. धान्याच्या बैलांचा तांडा अंधारात वेढ्यातून आत न्यायचा आहे, सहा फेऱ्यांत. तापीच्या उतारावर नाव बुडतेय आणि पलीकडून बाण येतायत. दरवाजाचा अडसर आतून काढायचा आहे. इथे तिरंदाज उपयोगी पडतोच, पण अडसर काढायला रोग लागतो, बैल आवरायला ड्रुइड आणि नावेतल्या जखमींना क्लेरिक. १६०० साली असीरगडाला वेढा पडला आणि जानेवारी १६०१मध्ये तो अकबराच्या ताब्यात जाऊन खानदेशचं फारुकी राज्य संपलं. वेढ्याच्या काळात धान्य, पाणी, बातमी आणि फितुरी यांचीच कामं जास्त असतात. तुम्ही निवडलेला काळ या अडचणीवर आयताच धावून येतो.

मल्टिक्लासवाल्याचं दुखणं खरं आहे आणि त्याचं कारण अगदी नेमकं आहे. पाचवी लेव्हल ही या आवृत्तीतली सगळ्यात मोठी उडी. फायटर, पॅलाडिन, रेंजर, बार्बेरियन यांना तिथे दुसरा हल्ला मिळतो, विझार्ड आणि क्लेरिकला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल. पण ही उडी क्लासच्या पाचव्या लेव्हलला मिळते, पात्राच्या नाही. पॅलाडिन २ आणि वॉरलॉक ३ला यातलं काहीच मिळत नाही. स्माइटचा, म्हणजे स्लॉट खर्चून जोरदार वार करण्याचा, धडाका आहे, पण मोठे स्लॉट दोनच, ते संपले की तो एक वार करून बसतो. वॉरलॉकच पुढे नेला तर क्लासची पाचवी लेव्हल पात्राच्या सातव्या लेव्हलला येते, त्यासाठी एकूण २३,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. पाचवीला ६,५०० असतात. तोवर कित्येक रविवार जातील. त्याला पात्र पुन्हा बांधू द्या, याच आठवड्यात. पॅलाडिन ५ किंवा वॉरलॉक ५. वॉरलॉकने पॅक्ट ऑफ द ब्लेड आणि थर्स्टिंग ब्लेड हे इन्व्होकेशन घेतलं तर त्यालाही दोन हल्ले मिळतात. नाव, चेहरा, शपथ, कुणाला काय वचन दिलंय, हे सगळं तसंच ठेवायचं. मल्टिक्लासची हौस राहिलीच तर सहाव्या लेव्हलपासून भागवू दे.

हाच नियम सगळ्यांना लावा: प्रत्येक लेव्हलनंतर पहिली दोन सेशन झाली की एक निवड विनातक्रार बदलता येते. चुकलेली निवड जन्मभर वागवावी लागणार या धास्तीनेच नवे लोक फीटच्या यादीसमोर तासभर बसतात. आणि लेव्हल वाढवण्याचं काम टेबलावर कधीच नको. बुधवार रात्रीपर्यंत ज्याने त्याने आपल्या निवडी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या, शनिवारी तुम्ही कार्ड दुरुस्त करायचं.

मोकळीक किती द्यायची, याचं आमचं उत्तर: मूळ खेळाडू पुस्तक आणि प्रत्येकाला त्याबाहेरची एकच गोष्ट. एक सबक्लास (क्लासची उपशाखा), किंवा एक फीट, किंवा एक स्पेल. डझनभर पुस्तकांतून तुकडे गोळा केले की गडबड होते, कारण वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले ते तुकडे एकमेकांशेजारी ठेवून कुणी तपासलेले नसतात. एका गोष्टीची मर्यादा घातली की बिल्डची आवड असणाराही विचार करून निवडतो आणि डीएमला पाचच अनोळखी गोष्टी वाचाव्या लागतात.

स्वतः बनवलेल्या गुणांचं काय? गोष्ट आवडणाऱ्या तुमच्या दोघांना खरी मोकळीक इथेच मिळेल. प्रत्येक पात्राला एक खास गुण द्या, एका वाक्यात, आणि त्या वाक्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: केव्हा, किती वेळा, काय. ‘केळीच्या बागेत, उसात किंवा उभ्या पिकात लपताना अ‍ॅडव्हान्टेज.’ ‘सेशनमध्ये एकदा, बुऱ्हाणपूरच्या बाजारात ओळखीचा एक व्यापारी निघतो.’ ‘रात्रीच्या मुक्कामात एकदा, जखम बांधली तर हिट डाइस (बरं होण्याचे फासे) टाकणाऱ्याला अधिक ३.’ हे चालतं. ‘नेहमी एसीला अधिक २’ हे चालत नाही, आणि का ते बघा. साखळी चिलखत आणि ढाल मिळून एसी १८. अधिक ४ने हल्ला करणारा गॉब्लिन त्यावर १०० पैकी ३५ वेळा लागतो. एसी २० झाला की २५ वेळा. दिसायला दोनाचा फरक, पण मार जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही प्रत्येक लढाईत, प्रत्येक फेरीत. या आवृत्तीत सगळे आकडे मुद्दाम आवळून ठेवलेत. प्रोफिशियन्सी पहिल्या लेव्हलला २ आणि विसाव्या लेव्हलला फक्त ६ असते. इतक्या अरुंद जागेत कायमचा अधिक २ फार मोठा ठरतो. अ‍ॅडव्हान्टेज देणं त्या मानाने सुरक्षित आहे, कारण दोन ठिकाणांहून मिळाला तरी तो साचत नाही.

नुसतं नाव आणि रूप बदलणं सगळ्यात स्वस्त. फायर बोल्टचं १डी१० आणि १२० फूट तसेच ठेवा, पण तो मंतरलेल्या निखाऱ्यासारखा फेकला जातो म्हणा. रोगचा कणा जसाच्या तसा घेऊन त्याला सातपुड्यातला वाटाड्या म्हणा. एकच खबरदारी घ्या, डॅमेजचा प्रकार बदलू नका. आगीला दाद न देणारे राक्षस पुस्तकात भरपूर आहेत, फोर्सला (निव्वळ जादूच्या माऱ्याला) दाद न देणारे जवळजवळ नाहीत. ‘आगीऐवजी फोर्स’ म्हणणाऱ्याने नकळत पात्र बळकट करून घेतलेलं असतं. आणि बोली विसरू नका. थाळनेरचा नावाडी अहिराणीत बोलला, सुभेदाराचा कारकून दरबारी थाटात, तर दोन पात्रं निराळी झाली आणि पुस्तकाचं पानही उघडावं लागलं नाही.

इथे एका गोष्टीबद्दल आग्रहाने सांगतो. खानदेशात कॅम्पेन ठेवली की ‘रेस’च्या, म्हणजे पात्राच्या वंशाच्या, जागी समाजांची नावं घालायचा मोह होतो, अमक्या जमातीला डेक्स्टेरिटी अधिक २, तमक्या जातीला इंटेलिजन्स अधिक १. हे करू नका. काल्पनिक एल्फबद्दल जे निरुपद्रवी वाटतं ते तुमच्याच टेबलावर बसलेल्या माणसाच्या घराबद्दल असलं की अपमान होतो, आणि तो माणूस बहुधा काही न बोलता येणं बंद करतो. आकडे कामाला जोडा: नावाडी, हकीम, तोफखान्यातला हिशेबनीस, जंगलातला माग काढणारा, जासूद. २०२४च्या नव्या नियमांतही अ‍ॅबिलिटीचे वाढीव आकडे जन्मावरून काढून बॅकग्राउंडला, म्हणजे माणूस आधी काय करत होता त्याला, दिलेले आहेत. तेवढा भाग तुमच्या २०१४च्या खेळात सरळ उचला: बॅकग्राउंडमधून एका अ‍ॅबिलिटीला अधिक २, दुसरीला अधिक १.

आता एक नियम असा, जो तुमच्या कॅम्पेनमध्ये हमखास डोकं वर काढेल. डीएमच्या पुस्तकात कडक उन्हाचा नियम आहे: तापमान १०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ सेल्सिअस, किंवा जास्त असेल आणि प्यायला पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह. पहिल्या तासाला डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) ५, मग दर तासाला एकने वाढ. मध्यम किंवा जड चिलखत असेल तर दोन फाशांपैकी लहान आकडा घ्यायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज. हरलात तर एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. आपल्याकडे एप्रिल-मेत ३८ म्हणजे बरा दिवस. आठ तासांच्या चालीत पाच जणांचे ४० सेव्ह होतात, आणि त्या चाळीसांत खेळाडू एकही निर्णय घेत नाही, नुसता फासा टाकतो. नियम खरा आहे, आपल्या मातीला शोभतो, पण असाच लावला तर निम्मा रविवार यातच जाईल.

त्याचा गाभा ठेवा आणि फासे कमी करा. उन्हात माणशी दिवसाला दोन गॅलन पाणी लागतं असं खेळाडू पुस्तक सांगतं, म्हणजे साडेसात लिटर. एका पखालीत, पुस्तकातल्या वॉटरस्किनमध्ये, चार पाइंट, म्हणजे अर्धा गॅलन, मावतात. म्हणून माणशी रोज चार पखाली. पाच जण, तीन दिवस, ६० पखाली. भरलेली एक पखाल पाच पौंडांची, म्हणजे ३०० पौंड नुसतं पाणी. आता खेळाडूंना खरे प्रश्न पडतात. बैल घ्यायचा का? रात्री चालायचं का? वाटेतली विहीर कुणाच्या ताब्यात आहे, आणि तो पाणी देईल का? क्लेरिकने स्लॉट वाचवून क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर (पाणी निर्माण करणारा मंत्र) ठेवायचा का? पाणी पुरलं तर सेव्ह नाही. कमी पडलं तर दिवसाअखेर प्रत्येकाने एकच सेव्ह, डीसी १०, चिलखत अंगात असेल तर डिसअ‍ॅडव्हान्टेज. दिवसाला जास्तीत जास्त पाच फासे.

प्रत्येक कॅम्पेनमध्ये असा एक विषय तपशिलात खेळावा आणि बाकीचे ढिले सोडावेत. तुमच्यासाठी तो पाणी आणि रसद असू द्या. मग बाणांची मोजणी सोडा, शिधा सोडा, पाण्याव्यतिरिक्त ओझ्याचा हिशेब सोडा.

एवढं करून सहा सेशननंतरही रोग आणि क्लेरिक कंटाळलेलेच असतील, तर एक रविवार दुसऱ्या सिस्टिमला द्या. एकच सेशन, पात्रं तुम्ही आधी बनवून न्यायची. फेट अ‍ॅक्सिलरेटेड तुमच्या गोष्टवाल्यांना आवडेल. त्यात सहा अ‍ॅप्रोच (काम करण्याच्या पद्धती) असतात: एकाला ३, दोघांना २, दोघांना १, एकाला शून्य. पात्राची ओळख वाक्यांत लिहायची, आणि फेट पॉइंट खर्चून ते वाक्य कामाला आणलं की अधिक २. पात्र हवं तितकं वेगळं बनतं आणि नियम थोडेच. पण वाक्य इथे लागू पडतं की नाही हे दर वेळी डीएमने ठरवायचं, तो भार तुमच्यावर येतो. बिल्डवाल्या दोघांना गर्प्स लाइट (गर्प्स या खेळाची छोटी आवृत्ती) दाखवून बघा. बत्तीस पानं, मोफत, पात्र गुणांनी विकत घ्यायचं, टेबलावर बहुतेक कामं तीन साध्या फाशांवर. सगळं ओझं बनवतानाच. त्यात एक गोष्ट आधी सांगून ठेवा, की कौशल्य १०चं ११ केलं तर यश ५०वरून साडेबासष्ट टक्क्यांवर जातं, पण १५चं १६ केलं तर जेमतेम अडीच-तीन टक्के वाढतात. हे माहीत नसलेला माणूस एकाच कौशल्यात गुण ओतत बसतो. पाथफाइंडर या खेळाची दुसरी आवृत्ती तुमच्या गटाला आम्ही सुचवणार नाही. बिल्डसाठी ती फार छान आहे आणि पात्रांतला ताकदीचा फरकही कमी राहतो, पण दर लेव्हलला सगळ्यांनाच निवडी कराव्या लागतात, आणि तुमच्या पाचातल्या तिघांना त्या नको आहेत.

नवीन पुस्तकांवर खर्च करण्याआधी एवढं लक्षात घ्या, की पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. श्रेय नमूद केलं की त्यांचं मराठी भाषांतर करता येतं, छापता येतं, दुसऱ्या गटांना वाटताही येतं. म्हणजे कार्डं नीट जमली तर ती तुमच्यापुरती ठेवायची गरज नाही. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे, फायटरचा चॅम्पियन, रोगचा थीफ, वॉरलॉकचा फीन्ड, आणि फीट फक्त ग्रॅपलर. शार्पशूटर त्यात नाही, म्हणून तिरंदाजाचं कार्ड टेबलावरच ठेवा. लांडगा, डायर वुल्फ आणि काळं अस्वल त्यात आहेत, तेव्हा सुरुवात ड्रुइडच्या कार्डांपासून करा.